पेटंटवाला प्लम: मालकी फळाची नाही, काडीची

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे आपल्याकडं द्राक्षाचं हार्वेस्टिंग जोरात असतं तेव्हा, बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादी पीडीएफ हमखास फिरते. अमेरिकेतल्या कुठल्यातरी नवीन प्लमचं पेटंट, सोबत दोन रंगीत फोटो, आणि खाली लगेच सुरू होतं, झाडाचं पण पेटंट असतं का, उद्या तुळशीला पण रॉयल्टी मागतील, अरे हेच झाड आमच्या इकडच्या नर्सरीत मिळतं, मी दहा लावणार आहे, वगैरे वगैरे. त्याच दिवसांत नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या फळवाल्यांकडं चिली नाहीतर साऊथ आफ्रिकेचा काळाभोर चकचकीत प्लम आलेला असतो त्यामुळं विषय अजूनच तापतो.

प्रश्न सगळे बरोबर असतात, उत्तरं मात्र जो तो मनाला येईल ती देतो. म्हणून जरा नीट बसून लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: या सगळ्या भानगडीत मालकी मुळात फळावर नसते, काडीवर असते, म्हणजे ज्या फांदीच्या तुकड्यापासून तसंच दुसरं झाड करतात त्यावर. एवढं धरून चाललात की अर्ध्या शंका आपोआप मिटतात, उरलेल्या अर्ध्यात वकील लागतात.

आधी प्लम म्हणजे कुठला प्लम

बाजारात दोन वेगळी फळं एकाच नावानं फिरतात. एक युरोपियन प्लम, जो वाळवून प्रून म्हणून विकतात. दुसरा जपानी प्लम, रसाळ, गोल, लाल किंवा काळा, जो आपण ताजा खातो. नाव जपानी असलं तरी मूळ चीनचं, जपानमार्गे अमेरिकेत गेला म्हणून तसं नाव पडलं. दोघांच्या पेशीतली गुणसूत्रं पण सारखी नाहीत, जपानीत १६ आणि युरोपियनमध्ये ४८, त्यामुळं दोघांचा संकर सहजासहजी जमत नाही. आपण इथं बोलतोय तो जपानी.

मे अखेरीपासून जुलैपर्यंत जो हिमाचलचा माल येतो त्यात सांता रोझा, रेड ब्यूट, फ्रंटियर, ब्लॅक अंबर ही वाणं असतात. पीच, जर्दाळू, चेरी, बदाम ही सगळी याच खानदानातली, आणि त्यातल्या काहींशी सोयरीक जमते सुद्धा. प्लम आणि जर्दाळूच्या संकरातून कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावच्या झायगर कुटुंबानं जे फळ काढलं त्याला प्लुऑट म्हणतात, आणि ते नाव त्यांनी ट्रेडमार्क करून ठेवलंय. ट्रेडमार्कवर पुढं येतोच.

नवीन म्हणजे नक्की काय नवीन

नवीन वाण तीन वाटांनी येतं. पहिली वाट म्हणजे ठरवून केलेला संकर: एका झाडाच्या फुलातले पुंकेसर उमलायच्या आधीच काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा, फळ धरलं की त्याची कोय रुजवायची. दुसरी, कुठंतरी आपोआप उगवलेलं रोप भारी निघतं आणि कुणाच्यातरी नजरेला पडतं. तिसरी वाट द्राक्षवाल्यांना चांगली माहितीये, झाड तेच पण एखादी फांदीच वेगळी निघते, फळ लांबट किंवा लवकर पिकणारं. आपल्याकडची तास-ए-गणेश अशीच, थॉमसन सीडलेसमधून सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं निवडून काढलेली, कुठल्या लॅबमध्ये नाही.

संकराची वाट सगळ्यात लांबची. प्रत्येक कोयीतून वेगळं झाड येतं, हजारो रोपं लावायची, तीन-चार वर्षं फळाची वाट बघायची, चाखून बघून बहुतेक उपटून टाकायची, जी मूठभर उरतात त्यांची कलमं करून वेगवेगळ्या जमिनीत, वेगवेगळ्या हवामानात पुन्हा लावायची. दहा-पंधरा वर्षं सहज जातात. या सगळ्या काळात येणं शून्य, आणि पगार, पाणी, जमीन चालूच.

आता एवढं करून शोधतात काय? आपल्याला वाटतं चव. चव असतेच, पण खरा धंदा तारखेचा आहे. कॅलिफोर्नियात प्लमचा सीझन मे ते सप्टेंबरच्या आसपास चालतो, आणि एक वाण झाडावर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही, मग पॅकहाऊसवाल्याला दर आठ-दहा दिवसांनी पुढचं वाण लागतं, नाहीतर सुपरमार्केटचं शेल्फ रिकामं राहतं आणि त्या जागी दुसऱ्याचा माल जाऊन बसतो. त्यामुळं दिसायला अगदी जुन्यासारखंच पण दहा दिवस उशिरा येणारं झाड सापडलं तर त्याला सोन्याचा भाव. तारखेनंतर कडकपणा, कोल्ड स्टोअरेजमध्ये किती आठवडे टिकतं, पिकायच्या आधीच रंग पूर्ण भरतो का, साईज एकसारखी येते का. ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, त्याच्या पण खाली कुठंतरी.

गिऱ्हाईकाला यातलं काहीच कळत नाही. इम्पोर्टेड प्लमवरच्या स्टिकरवर चार आकडी नंबर असतो, समजा ४०४०, त्याचा अर्थ फक्त मोठा काळा प्लम एवढाच. आत कुठलं वाण आहे, कुणी काढलं, जुनं की नवं, काही कळायचा मार्ग नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर या शर्यतीत चवच मागं पडली. सांता रोझा झाडावर नीट पिकलेली खाल्ली असेल तर स्टिकरवाला प्लम निव्वळ गोड पाणी वाटतो, पण सांता रोझा मऊ पडते, लांबचा प्रवास झेपत नाही तिला, आणि बाजार प्रवास झेपणाऱ्याच्या बाजूनं असतो.

कोय लावली तर तेच झाड येत नाही

सगळ्या कायद्याचं मूळ इथं आहे म्हणून इथं जरा थांबू. कोयीतून येणारं झाड हे आई-बापाच्या गुणांची नवी मिसळ असते, केसर आंब्याच्या कोयीतून केसरच येईल याची गॅरंटी नसते तसंच. त्यामुळं एखादं वाण हुबेहूब तसंच वाढवायचं तर एकच रस्ता, त्या झाडाचा डोळा (फुटायची कळी) किंवा काडी घ्यायची आणि दुसऱ्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या दुसऱ्या रोपावर, बांधायची. हिमाचलात प्लमचा डोळा भरतात तो जंगली जर्दाळूच्या नाहीतर पीचच्या रोपावर. आपल्याकडं द्राक्षात डॉगरीजच्या खुंटावर थॉमसनची काडी पाचर मारून बसवतात, त्यातलाच प्रकार. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं.

म्हणजे जगातलं प्रत्येक सांता रोझाचं झाड हे एकाच मूळ झाडाचा तुकडा आहे. कुल्लूतलं पण, कॅलिफोर्नियातलं पण. आणि म्हणूनच काढणाऱ्याची अडचण बघा: पंधरा वर्षांची मेहनत एका वीतभर काडीत मावते. शिवार फेरीला आलेल्या पाहुण्यानं खिशातून सिकेटर (छाटणीची कात्री) काढला, एक काडी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली, की पाच-सहा वर्षांत त्याच्याकडं तीच बाग उभी, तेही फुकटात. संकरित भाजीपाल्याच्या बियाण्याला हा त्रास नसतो कारण त्याचं बी पुढच्या वर्षी लावलं तर गुण विस्कटतात, कंपनीला आपोआप कुलूप मिळतं. फळझाडाला असं कुलूप नसतं म्हणून ते कायद्यातून बसवावं लागलं.

पेटंटच्या कागदात लिहितात तरी काय

अमेरिकेत वनस्पतीसाठी वेगळं पेटंट आहे, प्लांट पेटंट. अट अशी की वाण वेगळं पाहिजे, जंगलात सापडलेलं नको, आणि काडी-कलमानं वाढवून दाखवलेलं पाहिजे, म्हणजे पुढच्या पिढीत पण ते तसंच राहतं हे सिद्ध होतं. मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. (बटाट्यासारख्या कंदाला हे पेटंट देत नाहीत, कारण जो भाग खायचा तोच लावायचा.)

ती पीडीएफ उघडून वाचली तर पहिल्यांदा हसू येतं. झाडाची उंची, खोडाची साल, पानाची लांबी-रुंदी, पानाच्या देठावर मधाच्या ग्रंथी किती आणि कुठं, फुलाचा व्यास, फुलोरा कुठल्या तारखेला, फळाचं वजन, शिवण खोल की उथळ, गर कोयीला चिकटतो की सुटतो, सालीचा रंग तर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगतक्त्यातल्या नंबरानं. पानंच्या पानं हेच. आणि सगळ्यात शेवटी हक्काचा दावा फक्त एक वाक्य: वर वर्णन केलेलं आणि फोटोत दाखवलेलं प्लमचं नवीन आणि वेगळं झाड. बस.

हे असं का, ते कळायला आपल्या जमिनीच्या खरेदीखतातली चतुःसीमा आठवा. पूर्वेला अमक्याचा गट, पश्चिमेला नाला, उत्तरेला शिवरस्ता, दक्षिणेला तमक्याची विहीर. जमीन कशी आहे, काळी की मुरमाड, त्यात काय पिकतं यावर मालकी ठरत नाही, शेजारी कोण आणि बांध कुठं यावर ठरते. प्लमच्या पेटंटचं तेच असतं. त्यात नेहमी एक परिच्छेद असतो की हे वाण ब्लॅक अंबरसारखं दिसतं पण तितके-तितके दिवस उशिरा पिकतं, आईसारखा रंग आहे पण गर जास्त कडक आहे, बापासारखं फळ मोठं आहे पण झाड पसरट नाही. म्हणजे चारी बाजूचे शेजारी सांगून मधल्या तुकड्यावर बोट ठेवलेलं असतं. त्यामुळं पेटंट आहे म्हणजे फळ भारीच असणार असं अजिबात नाही. पेटंट ऑफिस प्लम चाखून बघत नाही, शेजाऱ्यांपेक्षा वेगळं आहे का एवढंच बघतं. कित्येक पेटंटवाली वाणं कागदावरच राहतात, त्यांची दहा एकर पण लागण होत नाही.

झाड देवानं केलं, मग मालकी कसली?

ही शंका ग्रुपवर सगळ्यात जास्त येते आणि ती फालतू नाही. अमेरिकेत पण हाच वाद होता, आणि त्याच्या मध्यभागी नेमका एक प्लमवाला होता.

कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावचा ल्यूथर बरबँक. त्यानं १८८५ मध्ये जपानहून प्लमची रोपं मागवली, त्यांचे अमेरिकन आणि इतर प्लमशी संकर करत बसला आणि त्यातून कितीतरी वाणं काढली, १९०६ साली बाजारात आणलेल्या एकाला आपल्या गावाचंच नाव दिलं, सांता रोझा. तीच जी आज हिमाचलातून पेट्या भरून येते. पण त्या काळात झाडावर हक्क नव्हता. बरबँक नवीन झाड काढायचा, कुठल्यातरी नर्सरीला एकरकमी विकून टाकायचा, आणि दुसऱ्या सीझनपासून बाकीच्या नर्सऱ्या तेच झाड बिनधास्त कलमं करून विकायच्या. यंत्राला पेटंट मिळतं आणि वाण काढणाऱ्याला काहीच नाही, ही त्याची तक्रार होती. तो १९२६ मध्ये गेला, कायदा झाला १९३० साली. पहिलं प्लांट पेटंट १९३१ मध्ये एका वेली गुलाबाला मिळालं, न्यू डॉन नावाच्या. बरबँकला मेल्यानंतर १६ प्लांट पेटंटं मिळाली आणि त्यात प्लमची पण आहेत.

तर प्रश्नाचं उत्तर: झाड कुणी निर्माण केलं यासाठी हक्क देत नाहीत, ते विशिष्ट झाड निवडून, टिकवून, जगासमोर आणलं त्या कामाचा ठरावीक वर्षांचा मोबदला म्हणून देतात. तुळशीला कुणी हात लावू शकत नाही कारण ती आधीपासून सगळ्यांकडं आहे, नवीन नाही. आता हा मोबदला २० वर्षांचा असावा की १० चा, माणसाला मिळतो की शेवटी कंपनीच्याच खिशात जातो, यावर भांडायला भरपूर जागा आहे, आणि मला विचाराल तर भांडावंच.

मुदत संपली की वाण मोकळं, कुणीही कलम करा. पण इथं ट्रेडमार्कची मेख आहे. पिंक लेडी सफरचंद ऐकलं असेल, ते वाणाचं नाव नाहीच, वाण आहे क्रिप्स पिंक, पिंक लेडी हा ट्रेडमार्क. वाणाचा हक्क संपला तरी ट्रेडमार्क नूतनीकरण करत करत कितीही वर्षं चालवता येतो, म्हणजे झाड तुमचं, फळ तुमचं, पण पेटीवर ते नाव छापायला परवानगी त्यांची. म्हणून शहाण्या कंपन्या वाणाला रटाळ नाव किंवा नुसता नंबर देतात आणि जाहिरात दुसऱ्याच नावाची करतात.

मी फळ खाऊन कोय पुरली तर केस होईल का

नाही. विकत घेतलेल्या प्लमची कोय परसात लावली तर येणारं झाड मुळात ते वाणच नसतं, वर सांगितलं तसं. अमेरिकेतलं प्लांट पेटंट पण काडी-कलमानं केलेल्या नकलेवर चालतं, कोयीच्या रोपावर नाही. खा, लावा, फळ आलं तर आम्हाला पण द्या. उलट तुमच्या परसात जर काही भन्नाट निघालं तर ते तुमचं नवीन वाण.

फक्त एक पुरवणी. फळावर हक्क नाही म्हटलं, पण चोरीच्या काडीतून उभ्या केलेल्या बागेचं फळ ही वेगळी गोष्ट. अमेरिकेनं १९९८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून झाडाचे भाग पण त्यात घेतले, म्हणजे बेकायदा लावलेल्या झाडाचं फळ पण अडवता येतं. युरोपात पण तशी तरतूद आहे. हे एक्स्पोर्ट करणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं, खाणाऱ्यांनी नाही.

हे झालं अमेरिकेचं, आपल्याकडं काय

आपल्याकडं झाडाचं पेटंट मिळतच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) मध्ये स्पष्ट लिहिलंय की वनस्पती, तिचे भाग, बियाणं, वाण हे पेटंटच्या बाहेर. त्याऐवजी २००१ चा वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. वाण नोंदवायचं तर ते नवीन, वेगळं, एकसारखं आणि टिकाऊ पाहिजे, म्हणजे शंभर झाडं लावली तर शंभर सारखी दिसली पाहिजेत आणि पुढच्या कलमात पण तशीच. झाडं आणि वेलींसाठी संरक्षण आधी ९ वर्षं, मग वाढवून जास्तीत जास्त १८. बाकी पिकांना १५ पर्यंत.

आपल्या कायद्याचं वेगळेपण म्हणजे नावातच शेतकरी हक्क आहेत आणि ते नुसते नावाला नाहीत. कलम ३९ प्रमाणे शेतकरी संरक्षित वाणाचं सुद्धा बियाणं ठेवू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, अदलाबदल करू शकतो, विकू पण शकतो, फक्त ब्रँडच्या नावानं पॅक करून विकायचं नाही. आणि बियाणं म्हणजे कायद्यात नुसता दाणा नाही, ज्यातून तसंच झाड उभं राहतं असा कुठलाही जिवंत भाग. म्हणजे काडी पण आली. नर्सरी काढून ब्रँडच्या नावानं हजारो कलमं विकणं हा मात्र वेगळा विषय. अजून एक, कंपनीनं जेवढं उत्पादन सांगितलं तेवढं आलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. आणि शेतकऱ्याला स्वतःचं वाण पण नोंदवता येतं, त्याला नोंदणी फी नाही. हे कलम किती बागायतदारांना माहितीये देव जाणे.

कागदावर छान, प्रत्यक्षात काय होतं? गुजरातच्या बटाट्याचं प्रकरण आठवा. २०१९ मध्ये पेप्सिकोनं आपल्या चिप्सच्या बटाट्याचं नोंदणीकृत वाण लावलं म्हणून काही शेतकऱ्यांवर दावे ठोकले, चौघांवर तर प्रत्येकी एक कोटीहून जास्त रकमेचे. एवढा गदारोळ झाला की मे २०१९ मध्ये कंपनीनं दावे मागं घेतले. मग डिसेंबर २०२१ मध्ये वाणांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणानं त्या वाणाची नोंदणीच रद्द केली, कंपनी कोर्टात गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानं ते रद्द करणंच रद्द केलं. म्हणजे नोंदणी कंपनीला परत मिळाली पण कलम ३९ जिथल्या तिथंच आहे. दोन्ही बाजूंना वाटतं आपणच जिंकलो.

मग परदेशी पेटंट इथं चालत नाही ना, आणू काडी बॅगेत घालून

हा विचार येतो, मला माहितीये येतो. पेटंट ज्या देशाचं त्या देशापुरतंच हे खरं. अमेरिकेत पेटंट आहे आणि भारतात काहीच नोंदवलेलं नाही, तर भारतात त्या पेटंटचा धाक नाही. पण अडचणी दुसऱ्या आहेत.

पहिली, परदेशातून कलम-काडी आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना लागतो आणि आल्यावर काही काळ वेगळं ठेवून तपासणी होते. हे नुसतं कागदी घोडं नाही. प्लम-पीचच्या झाडांना प्लम पॉक्स नावाचा व्हायरस होतो, शार्का पण म्हणतात, युरोपात त्यानं बागाच्या बागा उपटायला लावल्यात, आणि तो काडीतून पण प्रवास करतो. काडी बाहेरून एकदम हिरवीगार दिसते. एकाच्या हौसेपायी हिमाचल-काश्मीरच्या बागा धोक्यात घालायच्या का?

दुसरी, माल एक्स्पोर्ट करायचा असेल तर पेटंट जिथं आहे तिथं माल अडकतो. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे प्लमच्या आधीच कळलंय. युरोपातल्या खरेदीदारांना नवीन वाणं पाहिजेत, आपण वर्षानुवर्षं थॉमसन देतोय, म्हणून दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं आरा नावाची परदेशी संरक्षित वाणं रीतसर करार करून इथं आणली.

करार हा शब्द महत्त्वाचा. कायद्यात हक्क काडीवर असतो पण करारात तो फळापर्यंत ओढता येतो. जगभर अशा लायसन्समध्ये साधारण ह्या अटी असतात: रोपामागं किंवा एकरामागं रॉयल्टी, काही ठिकाणी विकलेल्या किलोमागं पण, काडी कुणाला द्यायची नाही, माल ठरलेल्या पॅकहाऊसलाच घालायचा, करार मोडला तर झाडं उपटायची. यात वाईट काही असेलच असं नाही, चांगला भाव मिळाला तर रॉयल्टी परवडते. पण सही करायच्या आधी बघा की रॉयल्टी माल विकला नाही तरी द्यायची का, गारपीट झाली तर काय, आणि ठरलेल्या पॅकहाऊसनं माल नाकारला तर बाहेर विकायची मुभा आहे का. कराराचा कागद इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, लाजू नका.

हे जीएम, म्हणजे लॅबमध्ये जनुकं बदललेलं, आहे का

बहुतेक नाही. पेटंट आणि जीएमचा संबंध नाही, नुसत्या पराग लावून केलेल्या संकराला पण पेटंट मिळतं आणि फांदीवर आपोआप झालेल्या बदलाला पण. प्लममध्ये जीएमचं नाव घ्यायचं तर हनीस्वीट, अमेरिकेच्या कृषी खात्यानं वर सांगितलेल्या प्लम पॉक्सला टक्कर देण्यासाठी काढलेलं. फळवाल्याकडच्या प्लमशी त्याचा संबंध लावू नका.

बरं, नाशिकला लागेल का?

मूळ प्रश्न हाच असतो, बाकी सगळं तोंडी लावायला.

प्लमच्या झाडाला हिवाळ्यात पानं गाळून झोपावं लागतं, आणि नीट जाग यायला ठरावीक थंडी खावी लागते. ही थंडी तासांत मोजतात, साधारण ७ अंशाच्या खाली पारा असलेले तास, त्यांना चिलिंग अवर्स म्हणतात. वाणाप्रमाणे हे तीनशे-चारशे तासांपासून हजारापर्यंत जातं. ते भरले नाहीत तर झाड मरत नाही पण गोंधळतं, काही डोळे फुटतात काही नाही, फुलं महिनाभर तुरळक येत राहतात आणि फळ धरत नाही.

आता कुणीतरी म्हणणार, निफाडला तर पारा चार-पाचवर येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर डिसेंबरला पेपरात असतो! येतो ना, पण किती वेळ? समजा पहाटे तीन ते साडेसात पारा ७ च्या खाली राहिला, म्हणजे साडेचार तास. अशा वीस रात्री मिळाल्या तरी नव्वद तास. आणि त्याच दिवशी दुपारी २८-३० अंश ऊन पडलं की झाडानं कमावलेली थंडी काही प्रमाणात पुसली जाते. हिमाचलात दिवसच्या दिवस पारा वर येत नाही, खरा फरक तिथं आहे. द्राक्षाच्या बागेला पेपरातला किमान आकडा पुरेसा घाबरवतो, प्लमला तो पुरत नाही.

मग डॉर्मेक्स (डोळे फुटायला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड) लावू की, ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या डोळ्यांना पेस्ट लावतोच आपण. प्रश्न हुशारीचा आहे, ते प्लम-पीचवर पण वापरतात, पण ते थंडीची थोडीफार तूट भरून काढतं, सगळी थंडी नाही. वेळ चुकली की डोळेच जळतात. (आणि पेस्ट लावलेल्या दिवशी दारू अजिबात नको, अंगावर येतं, हे मजुरांना सांगायचं विसरू नका, गंमत नाही ही.)

कमी थंडीची वाणं आहेत. पंजाबसारख्या मैदानी भागात सतलज पर्पल आणि काला अमृतसरी लावतात, मे महिन्यातच फळ येतं. यातली सतलज पर्पल एकटी लावली तर फळ धरत नाही, तिला परागासाठी शेजारी काला अमृतसरी लागते. ही अडचण बऱ्याच जपानी प्लमची आहे, स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही, त्यामुळं एकच झाड आणून वर्षानुवर्षं फुलंच बघत बसलेले लोक असतात. आणि पंजाबचा हिवाळा पण आपल्यापेक्षा कडक हे विसरायचं नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांचं कमी थंडीचं एचआरएमएन-९९ सफरचंद महाराष्ट्रात लोकांनी लावलंय, बातम्या पण येतात, मग प्लम का नाही असं विचारतात. झाड लागणं, फळ दिसणं आणि एकरी हिशोब जुळणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, बातमी दुसऱ्या पायरीवर येते.

परसात दोन झाडं हौसेनं लावायला माझी काहीच हरकत नाही, लावाच. पण एकराच्या वर जायचं असेल तर नर्सरीवाल्याला विचारा: वाणाचं नाव काय, खुंट कुठला, चिलिंग किती तास, परागासाठी दुसरं कुठलं झाड लावायचं, आणि नाशिक जिल्ह्यात याच वाणाला सलग तीन वर्षं फळ आलेली बाग कुठं आहे ते दाखवा, गाडीत पेट्रोल मी टाकतो. फोटो नको, बाग पाहिजे. परदेशी पेटंटवालं वाण आहे असं तो म्हणाला तर लायसन्सचा कागद मागा, कारण कागद नसेल तर एक तर झाड चोरीचं आहे नाहीतर ते वाणच नाही, आणि दुसरी शक्यता जास्त. घेतलंच तर बिलावर वाणाचं आणि खुंटाचं नाव लिहून घ्या. नुसतं प्लम रोप इतके नग असं बिल असेल तर चार वर्षांनी फळ आलं नाही तेव्हा भांडायला हातात काहीच नसतं.